गंजावर झाकण ठेवा : घरचा हर्बल चहा

हर्बल चहा बिघडतो तो बहुतेक घरांत एकाच कारणानं. गवती चहा, तुळस, पुदिना, अद्रक, दालचिनी असं सगळं एकाच गंजात, म्हणजे पातेल्यात पडतं, खाली मोठी आच आणि झाकणाचा पत्ता नाही. दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळलं की घरभर सुरेख वास सुटतो आणि कपात येतं कडसर, पिवळट पाणी. स्वयंपाकघरात दरवळतो तो वास कपात राहायला हवा होता. तो तिथं कसा राखायचा, हेच मला मुख्यतः सांगायचं आहे.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे, नागपुरात प्रतापनगरला राहते आणि गच्चीवर मावेल तेवढं लावते. शेजारची सून कपडे वाळत घालताना म्हणाली, "काकू, तुमच्या चहाला कसा मस्त वास येते! आमच्याकडे नुसतं गवताचं पाणी होऊन राहिलं." तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते.

आधी बघा, हातात पान आहे की साल

पानाफुलांचा वास म्हणजे त्यांतलं सुगंधी तेल. गवती चहात सिट्रल असतं, तुळशीत युजेनॉल, आपल्या बाजारातल्या पुदिन्यात कार्व्होन. हे तेल वाफेबरोबर चटकन निघून जातं. गवती चहाचं तेल काढणारे कारखाने याच गुणावर चालतात: पानांतून वाफ सोडायची, तेल वाफेबरोबर बाहेर येतं, वाफ थंड केली की तेल वेगळं होतं. उघड्या गंजात पानं उकळताना आपण नेमकं हेच करतो, फक्त आपल्याकडे ते तेल धरून ठेवायला काही नसतं.

मुळं, साली आणि खोडाचे तुकडे यांचं उलट आहे. दालचिनी, ज्येष्ठमध, सुंठ यांच्यावर नुसतं गरम पाणी ओतलं तर ते वरवर भिजतात आणि आतला कस आतच राहतो. त्यांना मंद आचेवर वेळ द्यावा लागतो.

आयुर्वेदात वनस्पतीतून कस काढायच्या पाच मूळ रीती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. आपल्या कामाच्या त्यांतल्या तीन. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवणं तो फांट, उकळून आटवणं तो क्वाथ म्हणजे आपला काढा, आणि थंड पाण्यात रात्रभर भिजवणं तो हिम. पानाफुलांना फांट, सालीमुळांना काढा आणि नागपूरच्या मे महिन्यात हिम. एवढं ध्यानात ठेवलं तर कृती पाठ करायची गरज राहत नाही. नवीन काही हाती आलं तरी त्याचं काय करायचं ते आपलं आपल्याला समजतं.

पानांचा चहा: गवती चहावर हात बसवा

सुरुवात गवती चहानंच करावी, कारण तो दिलदार आहे. थोडं कमीजास्त झालं तरी सांभाळून घेतो.

एका माणसाला एक कप, म्हणजे साधारण 150 मिली पाणी धरा. ताजी पानं असतील तर वीतभर लांबीची दोन, वाळलेला असेल तर एक सपाट चमचा. ताजं पान वाळल्यावर हलकं होतं, त्यामुळे ताज्याचं माप वाळलेल्याच्या अंदाजे तिप्पट घ्यायचं. तुळस, पुदिना यांनाही हाच हिशेब.

पान धुऊन घ्या. त्याची कड जपून धरा, बोट कापतं. मग बोटांवर गुंडाळून त्याची गाठ मारा आणि गाठ आवळताना जरा पिळा. तिथेच लिंबासारखा वास नाकात जातो, कारण पानातल्या तेलाच्या पेशी फुटतात. कात्रीनं बारीक कापलं तरी चालतं, पण मग गाळणीत तुकडे अडकत बसतात. गाठ मात्र चमच्यानं अख्खी उचलता येते.

आता पाणी उकळा. उकळी आली की गॅस बंद करा, बुडबुडे शांत होऊ द्या, मग गाठ आत सोडा आणि लगेच घट्ट झाकण ठेवा. सात-आठ मिनिटं तसंच राहू द्या. मध्ये उघडून बघू नका.

झाकण उचलाल तेव्हा ते सरळ ओट्यावर ठेवू नका. उलटं करून बघा: आतल्या बाजूनं बारीक थेंब जमलेले असतात. त्यांत पाणी आहे आणि वाफेबरोबर वर गेलेलं तेलही आहे. झाकण गंजावर तिरपं धरून बोटानं टिचकी मारा म्हणजे ते थेंब परत चहात पडतात. शेजारच्या सुनेला हे करून दाखवलं आणि मग झाकण तिच्या नाकाशी नेलं. पुढचं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

तुळशीला पाच-सहा मिनिटं पुरतात. एका कपाला आठ-दहा पानं, हातानं चुरून. काळी तुळस जास्त तिखट, पांढरी सौम्य. तुळस जास्त वेळ ठेवली की लवंगेसारखी झोंबते. पुदिना पाच मिनिटांवर ठेवू नये, नंतर तो तुरट होतो. तिन्ही एकत्र करायचे असतील तर गवती चहा आधी टाका आणि दोन मिनिटांनी बाकीचे. पण आधी एकेकाचा वेगळा चहा पिऊन बघा. ज्याची चव जिभेला ओळखीची नाही, ते मिश्रणात किती घालायचं हे कसं कळणार?

सालीमुळांचा काढा

अद्रक किसू नका, ठेचा. किसलं की चहा गढूळ होतो. बोटाच्या एका पेरापेक्षा थोडा कमी तुकडा एका कपाला. पाण्यात टाकून झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं. सुंठ ही वाळलेलीच अद्रक असली तरी तिचा तिखटपणा वेगळा. वाळताना अद्रकातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं आणि ते जास्त झणझणतं. म्हणून सुंठीची पूड पाव चमचा पुष्कळ झाली.

दालचिनी विकत घेताना नीट पाहून घ्या. किराण्यात मिळते ती बहुतेक कॅसिया: जाड, कडक, एकच वळकटी असलेली साल. सिलोनी दालचिनी पातळ असते, पापुद्र्यावर पापुद्रा चढवून गुंडाळलेली, आणि हातानं सहज मोडते. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास देऊ शकतं. मसालेभातात कधीतरी पडते त्याची चिंता नको. पण रोज दालचिनीचा चहा घेणार असाल तर चार पैसे जास्त देऊन सिलोनीच घ्या. दोन बोटं लांबीचा तुकडा दोन कपांना, दहा मिनिटं मंद आचेवर.

सोप म्हणजे बडीशेप, जिरे आणि धणे या बिया पान आणि साल यांच्या मधल्या. बियांमध्येही सुगंधी तेल असतं, पण ते टणक सालीच्या आत. त्या उकळायच्या नाहीत, नुसत्या ओबडधोबड कुटायच्या, उकळतं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं झाकायचं. आमच्याकडे सावजी रस्सा झाला की रात्री हाच चहा होतो: सोप एक चमचा, जिरे पाव चमचा, पुदिन्याची चार पानं, दोन कप पाणी. सकाळच्या तर्री-पोह्यांनंतरही बरा वाटतो. पोटाला हलकं वाटतं, एवढंच मी अनुभवानं म्हणेन.

साल आणि पान एकाच चहात हवं असेल तर क्रम पाळा. आधी दालचिनी-अद्रक उकळून घ्या, गॅस बंद करा, मग त्याच गंजात गवती चहा आणि तुळस टाकून झाकण लावा. गंज एकच, फक्त मध्ये गॅस बंद होतो. माझा रोजचा चहा हाच आहे.

एक गोष्ट 2020 ची. कोरोना आला तेव्हा आयुष मंत्रालयानं एक काढा सुचवला होता: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि काळी मिरी एक भाग. याची तीन ग्रॅम पूड 150 मिली पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. प्रमाण सौम्य आणि शहाणं होतं. पण आमच्या भागात घरोघरी त्यात लवंगा, हळद, ओवा, मिळेल ते पडलं, चमचे मोठे झाले, आणि तो काढा दिवसभर प्यायला जाऊ लागला. मग पोटात आग, तोंड आलं, अशा तक्रारी सुरू झाल्या. तिखट पदार्थ औषध म्हणून घेतला तरी तिखटच असतो. जिऱ्यामिऱ्याला माप असू द्या.

आपल्याकडचा लाल चहा: अंबाडी

पुण्या-मुंबईच्या दुकानांत विलायती नावाचे लाल चहा महागड्या डब्यांतून मिळतात. त्यांत बहुतेक वेळा असतं ते अंबाडीच्या फुलाचं लाल, मांसल पुष्पकोश. आपल्या विदर्भात, विशेषतः भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीकडे, त्याचं शरबत आणि चटणी पूर्वीपासून होते. थंडीत बाजारात ही लाल बोंडं दिसली की मी हात आखडता घेत नाही, कारण हंगाम थोडे दिवसच असतो. इजिप्त आणि सुदानमध्ये हाच लाल चहा पाहुण्यांना देतात, हे वाचल्यापासून मला आमच्या बाजारातल्या त्या टोपलीचा फार अभिमान वाटतो.

बोंड हातात घेतलं तर बाहेर लाल, जाड पाकळ्यांसारखं आवरण आणि आत हिरवा, गोल बियांचा बोंडा. आपल्याला फक्त लाल आवरण हवं. देठाकडचा भाग सुरीनं आडवा उडवा आणि खालून जाडसर पेनच्या टोपणानं दाबा. हिरवा बोंडा पटकन वर निघून येतो आणि लाल आवरण अख्खं हातात राहतं. बोटं गुलाबी होतात. पोरांना सोबत बसवा, त्यांना हे काम फार आवडतं.

आवरणं धुऊन, निथळून, सुती कापडावर सावलीत पसरा. थंडीत हवा कोरडी असते, चार-पाच दिवसांत ती चामड्यासारखी होतात आणि आणखी दोन दिवसांत कडक. उन्हात वाळवली तर रंग उडतो. एका कपाला पाच-सहा वाळलेली आवरणं, वर उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. गर्द लाल रंग उतरतो आणि चव चिंचेच्या जवळची आंबट. गोडीला खडीसाखर घाला, गुळानं तो स्वच्छ रंग मळतो. दूध घालायचा तर विचारही नको, फाटतं.

हा चहा अॅल्युमिनियमच्या गंजात किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात करू नका. आंबट पदार्थ धातू ओढून घेतो. स्टील किंवा काच वापरा. आणि बोअरच्या पाण्यात केलात तर रंग लालऐवजी मळकट जांभळा येऊ शकतो. अंबाडीतला रंग अँथोसायनिनचा असतो; आम्लात तो लाल राहतो, पाणी अल्कलीकडे झुकलं की निळ्याकडे जातो. नळाला येणारं पेंचचं किंवा कन्हानचं पाणी चहाला चांगलं. ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे, त्यांनी चहापुरतं पिण्याच्या फिल्टरचं पाणी घ्यावं. केटलीच्या तळाशी पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे समजा. अशा पाण्यात कुठलाच चहा खुलत नाही.

याच रंगाचा दुसरा खेळ निळ्या गोकर्णात आहे. वेल बाल्कनीच्या गजावर सहज चढते. ताजी पाच-सहा फुलं, देठाकडचा हिरवा भाग काढून, गरम पाण्यात पाच मिनिटं. पाणी निळंशार होतं, लिंबू पिळलं की जांभळं. चव जवळजवळ नसतेच, म्हणून त्यात गवती चहाची गाठ सोडावी. नातवंडं आली की मी हा करते. एरवी माझं मन अंबाडीकडेच ओढ घेतं.

संत्र्याची साल

नागपुरात राहून संत्र्याची साल फेकून द्यायची, हे मला पटत नाही. आंबिया बहाराचा संत्रा दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चात. दोन्हींची साल चालते. ती चहात का घालायची हे बघायचं असेल तर ताज्या सालीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून दुमडा: बारीक फवारा उडतो आणि ज्योत तडतडते. ते सालीतलं तेल, मुख्यतः लिमोनीन. वर्गात हा प्रयोग केला की मागच्या बाकावरची पोट्टीसुद्धा पुढे यायची.

साल कुठली घ्यायची हे मात्र महत्त्वाचं. बागेत फवारण्या होतात, आणि बाजारातल्या फार चकचकीत फळांवर मेणही चढवलेलं असू शकतं. माझी जाऊ काटोलकडे असते, घरच्या झाडांची संत्री पाठवते. त्यांचीच साल मी ठेवते. ओळखीचा बागाईतदार असेल तर त्याला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. सोलण्याआधी कोमट पाण्यात चोळून धुवा. मग चमच्याच्या कडेनं आतला पांढरा गर खरवडून काढा, कडूपणा त्यात जास्त असतो. सावलीत वाळवा. काडकन मोडली की झाली.

थंडीच्या संध्याकाळी दोन कपांना सिलोनी दालचिनीचा छोटा तुकडा आणि एक लवंग आठ मिनिटं उकळायची, गॅस बंद करून सालीचे दोन बोटभर तुकडे टाकायचे, झाकायचं, पाच मिनिटांनी गाळायचं. गोडीला गूळ. डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा याच्या जवळ जाणारं दुसरं काही मला माहीत नाही.

मे महिन्यात गरम चहा नको

पारा 45 च्या वर गेल्यावर उकळता कप कोणाला हवा? तेव्हा हिम करा. धणे एक चमचा आणि सोप अर्धा चमचा ओबडधोबड कुटून, वाळ्याच्या मुळ्यांची छोटी जुडी नीट धुऊन, दोन पेले पाण्यात रात्री झाकून ठेवायचं. सकाळी गाळून त्यात खडीसाखर आणि चिमूटभर मीठ. वाळा मातीचा वास देतो, धणे त्याला गोडसर करतात. वाळा काष्ठौषधीच्या दुकानातूनच घ्यायचा. कूलरच्या किंवा खिडकीच्या ताटीचा वाळा धूळ आणि साचलेलं पाणी पिऊन बसलेला असतो, तो पोटात घालू नये. हे पाणी दुपारच्या आत संपवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या उन्हाळ्यात ते आंबायला वेळ लागत नाही.

हे रोजचं पेय आहे, ऊन लागल्यावरचं औषध नाही. अंग तापलं, भोवळ आली, उलट्या होऊन राहिल्या, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर अंगावर गार पाणी, वारा आणि ताबडतोब दवाखाना.

कुठून आणायचं, कसं ठेवायचं

ओल्या गवती चहाच्या जुड्या गोकुळपेठेच्या बाजारात किंवा महालच्या बुधवार बाजारात मिळतात. सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनी, मिरे इतवारीतून आणा. मस्कासाथला माल खपतो लवकर, म्हणून ताजा मिळतो. पूड घेऊ नका, अख्खंच घ्या. पुडीचा वास लवकर उडतो आणि तिच्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. ज्येष्ठमधाची काडी मोडल्यावर आत पिवळी आणि तंतुमय दिसायला हवी, चावली की गोड.

देवपूजेसाठी विकायला येणारा गुलाब चहात घालू नका. तो खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर काय फवारलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घरच्या कुंडीतला गावठी गुलाब असेल तर पाकळ्या जरूर घ्या. आणि फुलं दिसायला सुंदर म्हणून कुठलीही उचलू नका: कण्हेर विषारी आहे, पिवळी असो की गुलाबी.

वाळवणाला आपल्या गावचा उन्हाळा फार चांगला. खोलीत, सावलीत, कापडावर पसरलेली तुळस-पुदिन्याची पानं एक-दोन दिवसांत चुरचुरतात. पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत पडू नका, बुरशी धरते आणि ती सुरुवातीला दिसतही नाही. पान मुठीत दाबल्यावर चुरा झाला तरच बरणीत भरा. नुसतं वाकलं तर आणखी एक दिवस. काचेची बरणी, घट्ट झाकण, गॅसच्या शेगडीपासून लांब, बंद कपाटात. बरणीवर महिना लिहा. वर्षभरानंतर त्यात रंग उरतो, वास उरत नाही.

कोणी जपून प्यावं

हा भाग घाईघाईनं वाचू नका. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हा समज मला काळजीत टाकतो.

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं. ते रोज जास्त पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी त्याच्यापासून दूर राहावं. बाकीच्यांनीही घसा बसला असताना दोन-चार दिवस घ्यावा, रोजची सवय लावू नये. अंबाडी उलट बाजूला जाते, रक्तदाब थोडा उतरवते असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तुळस, अद्रक, दालचिनी भरपूर घेणं टाळावं. गरोदर बायकांनी अंबाडी, गोकर्ण, ज्येष्ठमध घेऊ नये. थोडी अद्रक चालते, तरी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. मध घालायचा तर चहा पिण्याइतका निवल्यावर, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर चाटवायलाही नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

गुळवेलीचं मला पुष्कळ जण विचारतात. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीमुळे असं झालं असू शकतं. कारण काहीही असो, झाडावर चढलेली वेल स्वतः तोडून आणून रोज उकळून पिऊ नका. ते औषध आहे, वैद्यानं सांगितलं तर आणि तेवढंच घ्यायचं. आपल्याकडे सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे दाखवता येतं.

वजन उतरतं, रक्त शुद्ध होतं, शरीरातलं विष बाहेर पडतं, असल्या गोष्टी ऐकून हा चहा सुरू करू नका. यात दुधाचा भार नाही, चहापत्तीतलं कॅफिन नाही, म्हणून रात्रीही पिता येतो आणि झोप मोडत नाही. एवढं कारण मला पुरेसं आहे.

एक ठोंब लावा

विकतच्या जुडीपेक्षा घरचा गवती चहा केव्हाही सरस, आणि तो लावायला काही येत नसलं तरी चालतं. कोणाच्याही घरच्या जुन्या ठोंबातून मुळासकट दोन-तीन फुटवे मागून घ्या. पानं वरून अर्धी छाटा, नाहीतर मुळं धरायच्या आतच ती पाणी ओढतात. रंगाची रिकामी बादली स्वच्छ करून तळाला भोकं पाडा, त्यात माती, शेणखत आणि थोडी रेती. पहिल्या पावसानंतर, जूनमध्ये लावला तर फारसं काही करावं लागत नाही. महालक्ष्म्यांच्या म्हणजे गौरींच्या सुमारास पहिली कापणी येते. जमिनीपासून चार बोटं वर कापा, खालचा पांढरा दांडा तसाच ठेवा. त्यातूनच नवीन पानं फुटतात. पुदिना बाजारच्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवूनही मुळं धरतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात तो करपतो, म्हणून हिरव्या जाळीखाली किंवा कूलरच्या ओलाव्याजवळ ठेवा. गवती चहाला ऊन चालतं, त्याला फक्त रोज संध्याकाळी पाणी हवं. दोन वर्षांनी ठोंब बादलीत मावेनासा झाला की उपटून त्याचे चार भाग करा, एक आपल्याला ठेवा आणि बाकीचे शेजारी वाटून टाका.